शेतावरील अपघात आणि प्रथमोपचाराचें शिक्षण

शेतीचा धंदा मोकळ्या हवेंतला, निसर्गाच्या सान्निध्यांतला आणि म्हणूनच निर्धोक, अशी शहरांत वाढलेल्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची समजूत असते. गिरणीच्या पट्ट्यांत हात सांपडतो, खाणींत दरड कोसळते, रस्त्यावर मोटार अंगावर येते, हे धोके त्यांना ठाऊक असतात. पण हिरव्या शेतांत माणसाच्या जिवावर बेतण्यासारखें काय असणार, असें त्यांस वाटतें. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. गवत कापणाऱ्याचा हात ज्या पेंढीखालीं जातो तेथें फुरसें असूं शकतें. कडबाकुट्टीसमोर उभ्या असलेल्या बाईचा पदर चक्रांत ओढला जातो. कपाशीवर औषध फवारणाऱ्या मजुराच्या अंगांत तें औषध कातडीवाटे शिरतें. विहिरीवरील मोटर चालू करतांना ओल्या हाताला विजेचा झटका बसतो. आणि मृगाच्या पहिल्या पावसांत झाडाखालीं आसरा घेणाऱ्यावर वीज कोसळते.

कारखान्यांत अपघात झाला तर निदान औषधांची पेटी भिंतीवर टांगलेली असते. दर दीडशें कामगारांमागें प्रथमोपचाराची एक पेटी असावी आणि ती त्या विषयाचें शिक्षण घेतलेल्या माणसाच्या ताब्यांत असावी, असा दंडक १९४८ च्या कारखाने कायद्यानें घातला. शेताला भिंतच नाहीं, तेव्हां पेटी टांगावी कोठें? तेथें अपघात झाला म्हणजे पहिला धांवून येतो तो शेजारच्या वाफ्यांत खुरपणारा सोबती. डॉक्टर दूर, रस्ता चिखलाचा, वाहन मिळेल तेव्हां खरें. अशा स्थितींत पहिला अर्धा तास हा त्या सोबत्याच्या हातीं असतो. त्या अर्ध्या तासांत तो काय करतो आणि त्याहूनही काय करीत नाहीं, यावर पुष्कळदां रोग्याचें जगणें-मरणें ठरतें. म्हणून शेतकरी व शेतमजूर यांना प्रथमोपचार शिकविणें ही उपकाराची बाब नसून निकडीची बाब आहे.

प्रथमोपचार ही विद्या मुळांत रणांगणावर जन्मली. प्रशियाच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य फ्रीड्रिख फॉन एस्मार्क यानें जखमी सैनिकास जागच्या जागीं त्याच्या सोबत्यांनींच कसें संभाळावें हें शिकविण्याचा उपक्रम केला. इंग्लंडांत १८७७ सालीं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स संस्था निघाली, आणि तिनें हें शिक्षण सैन्याबाहेर काढून खाणीकामगार, रेल्वेचे नोकर व पोलीस यांच्यापर्यंत नेलें. हिंदुस्थानांत १९२० च्या कायद्यानें रेडक्रॉस सोसायटी स्थापन झाली. पुढें शाळा, बालवीर पथकें, रेल्वे व गिरण्या यांतून प्रथमोपचाराचे वर्ग चालूं लागले. परंतु या इतिहासांत एक उणीव ठळक दिसते. ज्या देशांत बहुसंख्य लोक शेतीवर जगतात, त्या देशांत हें शिक्षण शहराच्या वेशीपर्यंत येऊन थांबलें. त्याचीं पुस्तकें कारखाना व रस्ता यांचा विचार करून लिहिलेलीं; त्यांत पाटाचा चिखल, कडब्याची गंजी आणि फवारणीचा पंप यांना फारशी जागा नव्हती.

शेतावरील संकटांत पहिला मान अर्थात् सर्पदंशाचा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें मेलीं, म्हणजे सरासरीनें दर वर्षीं अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत संशोधकांनीं दिला आहे. त्यांतले निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे पेरणी, लावणी व खुरपणीच्या दिवसांतले. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली, आणि भारत सरकारनें मार्च २०२४ मध्यें एक राष्ट्रीय कृतियोजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचें ध्येय ठरविलें. ध्येय स्तुत्य खरें. पण तें गांठलें जाईल तें दिल्लींत नव्हे, तर बांधावर.

महाराष्ट्रांत माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. बाकीचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं तो पुरेसें विष सोडतोच असें नाहीं. यामुळेंच मांत्रिकाचा धंदा चालतो. धामण किंवा दिवड चावलेला मनुष्य मंत्र न टाकतांही जगलाच असता. पण जगला कीं श्रेय मंत्राला मिळतें. मग पुढच्या वेळीं घोणस चावलेला मनुष्यही त्याच दारीं नेला जातो आणि मोलाचे दोन तास वायां जातात. कडुनिंबाचा पाला चघळायला देऊन तो कडू लागतो कीं नाहीं यावरून विषाची परीक्षा करण्याची रीतही अशीच निरर्थक आहे. मण्यारीचा दंश तर रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाला होतो आणि बहुधा दुखतसुद्धां नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, पापण्या मिटूं लागतात, जीभ जड होते. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात, आणि इकडे श्वास मंदावत असतो. पावसाळ्यांत खाटेवर, मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचून निजणें हा यावर सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

साप चावल्यावर काय करावें हें थोडक्यांत असें. रोग्यास धीर द्यावा. कारण भीतीनें हृदयाची गति वाढते व विष लवकर पसरतें. त्याला चालूं देऊं नये, धांवूं तर मुळींच देऊं नये. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर ठेवतात तसा, काठी किंवा फळी लावून सैल पट्टीनें स्थिर करावा. अंगठी, बांगड्या, जोडवीं, पैंजण ताबडतोब काढावे, कारण सूज आल्यावर ते मांसांत रुततात. रोगी गुंगींत असेल किंवा ओकत असेल तर त्यास डाव्या कुशीवर ठेवावें. आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत शक्य तितक्या लवकर पोंचवावें. एवढेंच. घट्ट दोरी बांधूं नये, ब्लेडनें चीर देऊं नये, तोंडानें विष ओढूं नये, जखम धुऊं वा चोळूं नये, बर्फ लावूं नये. सापाच्या मागें काठी घेऊन धांवण्यांत दुसऱ्या माणसाला दंश होण्यापलीकडे कांहीं साधत नाहीं. कोणी अगोदरच घट्ट दोरी बांधलेली असेल तर ती वाटेंत घाईनें सोडूं नये, रुग्णालयांत डॉक्टरासमोर सोडवावी. कारण ती एकदम सुटतांच अडलेलें विष एकाच लोंढ्यानें अंगांत पसरूं शकतें.

प्रतिविषाचा जो इतिहास आहे तो वाचण्याजोगा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें प्रतिविष सिद्ध केलें. आणि परळच्या ज्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं हाफकिनचें नांव मिळालें त्या संस्थेचाही भारतांतील या कार्यांत मोठा वांटा आहे. घोड्याला अल्प प्रमाणांत विष टोंचून त्याच्या रक्तांत जो प्रतिकार तयार होतो तोच शुद्ध करून कुपींत भरलेला असतो. ती कुपी वरील चारही सापांवर चालते. म्हणून कोणता साप चावला हें न कळलें तरी डॉक्टराचें अडत नाहीं. रक्त गोठण्याची शक्ति गेली आहे कीं काय हें पाहण्यासाठीं डॉक्टर रोग्याचें थोडें रक्त कोरड्या कांचनळींत घालून वीस मिनिटें न हलवितां ठेवतात आणि मग नळी तिरपी करून पाहतात. वीस मिनिटांचा हा प्रयोग लहानशा आरोग्यकेंद्रांतही होतो. जें तेथें होऊं शकत नाहीं तें एकच, गेलेला वेळ परत आणणें. रुग्णवाहिकेस उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर चालक व मागें बसलेला सोबती यांच्या मधें रोग्यास धरून नेतां येतें. नेपाळच्या तराईंत गांवकऱ्यांनीं हीच युक्ति संघटितपणें योजली आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळ घटलें.

कोंकणांत याच्याच जोडीला तांबडा विंचू आहे. मोठ्या माणसाला त्याच्या दंशानें बहुधा नुसत्या वेदना होतात; पण मुलाला दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले आणि श्वास लागला कीं तें प्राणसंकट समजावें. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या उशाशीं रात्री काढून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासिला, आणि रक्तदाबावर दिलें जाणारें प्राझोसिन नांवाचें साधें औषध येथें जीव वांचवितें हें १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांनीं त्यांचें काम छापलें व २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेड्यांतील डॉक्टरानें जगाला दिलेली ही देणगी आहे. पण तिचा लाभ घेण्यासाठीं विंचू चावलेलें मूल उतारा टाकणाऱ्याकडे न जातां आरोग्यकेंद्रांत जावें लागतें.

दुसरें संकट कीटकनाशकांचें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना झालेल्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. पीक छातीभर वाढलेलें, हवा दमट, अंगावर साधा सदरा आणि पाठीवर गळका पंप, अशा स्थितींत विष नाकातोंडापेक्षां कातडीवाटेच अधिक जातें, हें त्या मजुरांना कोणी सांगितलेलें नव्हतें. डोकें दुखणें, मळमळ, तोंडाला लाळ सुटणें, घाम येणें, डोळ्यांची बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होणें, स्नायु फडफडणें, श्वास घुरघुरणें, हीं या वर्गांतील पुष्कळ औषधांच्या बाधेचीं लक्षणें आहेत. उन्हानें चक्कर आली असें समजून रोग्यास त्याच कपड्यांत झाडाखालीं निजवितात आणि विष अंगांत शिरतच राहतें. वास्तविक पहिलें काम म्हणजे त्यास फवारलेल्या शेताबाहेर, वाऱ्याच्या दिशेकडे नेऊन भिजलेले कपडे उतरविणें आणि साबण व भरपूर पाण्यानें अंग, केंस, नखें धुणें. हें करणाऱ्यानें स्वतःच्या हातांत निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्या. विष पोटांत गेलें असल्यास ओकारी काढण्याचा यत्न करूं नये. मिठाचें पाणी, दूध, तूप, लिंबू यांतलें कांहींच पाजूं नये. रोग्याबरोबर औषधाची बाटली किंवा तिचें वेष्टन अवश्य पाठवावें. डॉक्टर ॲट्रोपिन टोंचतील कीं आणखी कांहीं, हें त्या वेष्टनावरील नांवावर अवलंबून असतें.

त्याच वेष्टनावर, १९७१ च्या नियमांप्रमाणें, एक तिरपा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यांत तांबडा रंग असला तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असला तर त्याहून कमी पण तरीही जहाल, निळा असला तर मध्यम आणि हिरवा असला तर सौम्य समजावें. अक्षरशत्रु मजुरालाही रंग ओळखतां येतो. ही खूण शिकविण्यास पांच मिनिटें पुरतात. पण तीं पांच मिनिटें अनेक गांवांत अजून कोणी दिलेलीं नाहींत.

तिसरें संकट यंत्राचें. मळणीयंत्रांत, कडबाकुट्टींत, उसाच्या चरकांत बोटें किंवा आखा हात जाण्याचे अपघात इतके होऊं लागले कीं १९८३ सालीं धोकादायक यंत्रांविषयीं संसदेला निराळा कायदा करावा लागला. रक्त वाहूं लागलें कीं खेड्यांत हळद, चुना, चहाची पूड, कधीं यंत्राचें वंगणसुद्धां जखमेंत भरतात. तेथें करावयाचें काम याहून सोपें आहे. स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून तळहातानें जोरानें दाबून धरावी आणि दाब न सोडतां हात उंच ठेवावा. फडकें भिजलें तर तें न काढतां त्यावर दुसरें ठेवावें. बोट तुटून वेगळें झालें असेल तर तें स्वच्छ पाण्यानें हलकेंच धुऊन ओलसर स्वच्छ कापडांत गुंडाळावें, प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावें आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवून रोग्याबरोबर न्यावी. बोट उघडें बर्फावर ठेवलें तर तें करपतें आणि जोडण्याच्या उपयोगाचें राहत नाहीं. मातीशेणाचा संपर्क झालेल्या प्रत्येक जखमेनंतर धनुर्वाताची सुई टोंचून घेणें हें तर कधींच विसरूं नये.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. दाबूनही रक्त थांबत नाहीं आणि हात कोपरापासून तुटला आहे, अशा वेळीं जखमेच्या वर घट्ट पट्टी आवळून बांधणें हाच जीव वांचविण्याचा शेवटचा उपाय असतो. तीच पट्टी सर्पदंशांत बांधली तर हातपाय सडविते. एकच कृति एका ठिकाणीं तारक आणि दुसऱ्या ठिकाणीं मारक. म्हणूनच प्रथमोपचार हा ऐकीव गोष्टींवर सोंपवावयाचा विषय नाहीं. ‘काय करावें’ याबरोबर ‘कोठें करूं नये’ हें शिकविणें हाच त्याचा गाभा आहे. सद्भावनेची खेड्यांत वाण नाहीं. हांक ऐकतांच वीस माणसें काम टाकून धांवत येतात. वाण आहे ती योग्य ज्ञानाची, आणि अज्ञानाबरोबर सद्भावना मिळाली म्हणजे ती कधीं कधीं प्राणघातक होते.

याचें सर्वांत हृदयद्रावक उदाहरण म्हणजे विहिरींतील विषारी वायु. जुनी, न वापरलेली विहीर किंवा शेणगॅसचा खड्डा यांच्या तळाशीं प्राणवायु नसतो. दुसरे वायु सांचलेले असतात. एकजण उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यासाठीं भाऊ उतरतो, मग बाप, मग शेजारी. एप्रिल २०२४ मध्यें नेवासे तालुक्यांतील वाकडी गांवीं शेणाच्या गाळानें भरलेल्या जुन्या विहिरींत पडलेल्या मांजराला काढण्यासाठीं उतरलेल्यांपैकीं पांच माणसें एकामागून एक अशींच गेलीं. या ठिकाणीं धैर्य उणें नव्हतें. उलट धैर्यानेंच घात केला. म्हणून प्रथमोपचाराचा पहिला धडा असा कीं मदत करणाऱ्यानें आधीं स्वतःचा जीव राखावा. अशा जागीं कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि तो ओढणारीं दोन माणसें वर असल्याशिवाय कोणीही डोकावूंसुद्धां नये. आणि आंत मनुष्य पडलाच तर श्वासाचीं साधनें असलेल्या अग्निशामक दलाची वाट पाहणें, हें कितीही कठीण वाटलें तरी, तेंच खरें शहाणपण होय.

विजेच्या तारेला चिकटलेल्या माणसाच्या बाबतींतही हेंच. अगोदर खटका बंद करावा. तो बंद करतां येत नसेल तर कोरड्या लांकडानें, कोरड्या जागीं उभें राहून घरगुती दाबाची तार दूर सारावी, आणि खांबांवरील मोठ्या दाबाची तार असेल तर जवळही जाऊं नये. आकाशांतली वीज पडलेल्या माणसाची गोष्ट मात्र उलट आहे. त्याच्या अंगांत वीज भरून राहिलेली नसते. त्याला हात लावण्यांत धोका नाहीं. तरीही लोक भीतीनें दूर उभे राहतात आणि ज्याचें हृदय पुन्हां चालूं करतां आलें असतें असा मनुष्य डोळ्यांदेखत मरतो. श्वास व चलनवलन थांबलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीनें, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणें ही कला आठ इयत्ता न शिकलेला माणूसही एका संध्याकाळीं आत्मसात् करूं शकतो. उन्हाच्या झळेनें शुद्ध हरपलेल्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालणें आणि बेशुद्धाच्या तोंडांत पाणी न घालणें, हाही त्याच वर्गांतला धडा.

आतां हें शिकवावें कसें? पुस्तक वांटून किंवा चावडीवर व्याख्यान झोडून हें काम होत नाहीं. ज्याला कुदळ हातांत धरून शेती आली, त्याला प्रथमोपचारही हातांनींच येणार. शिकविणाऱ्यानें एखाद्या वडीलधाऱ्याला, ‘अण्णा, तुम्हांला घोणस चावली आहे असें समजा आणि या बाजेवर निजा,’ असें सांगावें, आणि मग गांवच्या पोरांनीं छत्रीची काठी, उपरणें व जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन त्यांचा पाय स्थिर करून दाखवावा. लोक हंसतील, पण हंसत शिकलेलें विसरत नाहींत. बाजारची महाग साधनें दाखवून शिकविलें तर तीं नसतांना माणूस हात चोळीत बसतो. घरांत जें आहे त्यावर शिक्षण उभारलें तरच तें आडवेळीं कामास येतें.

या शिक्षणाचें पंचांगही शेतीच्या पंचांगाशीं जुळावें. मृगापूर्वीं, शेतकऱ्याला थोडी उसंत असते तेव्हां, साप, विंचू व वीज यांचे धडे द्यावे. पोळ्याच्या सुमारास कपाशीवर फवारण्या चालतात; त्यांच्या अगोदर विषबाधेचा धडा असावा. दसऱ्यानंतर ऊसतोडणीच्या टोळ्या गाड्या भरून निघतात. त्यांच्या मुकादमांना कोयत्याच्या जखमा, मोडलेलीं हाडें आणि ट्रॅक्टरखालीं सांपडलेला मनुष्य यांविषयीं शिकवावें. मळणीच्या आधीं यंत्राचे अपघात घ्यावे. जो धोका पुढच्या पंधरा दिवसांत समोर उभा राहणार आहे, त्याचें शिक्षण माणूस कान देऊन घेतो. आणि दर वर्षीं उजळणी हवीच. कारण हातांची विद्या न वापरतां ठेवली कीं गंजते.

शिकणाऱ्यांत स्त्रियांचें प्रमाण मोठें हवें. खुरपणी, वेंचणी, लावणी हीं बहुतेक कामें त्याच करतात, आणि दुपारच्या वेळीं गांवांत जीं माणसें असतात तीं बहुधा त्याच. गांवोगांव आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्याभोंवतीं मजूर बायांचे वर्ग सहज भरतील. पोलीस पाटील, शाळेचे शिक्षक, ट्रॅक्टरचालक, दूध गोळा करणारे, यांची निवड करण्यांतही अर्थ आहे. कारण यांच्यापाशीं वाहन असतें किंवा चार माणसें यांचा शब्द मानतात. जवळच्या कोणत्या रुग्णालयांत प्रतिविष आहे आणि रात्रीं तेथें डॉक्टर असतो कीं नाहीं, हें चावडीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असावें. रुग्णवाहिका बोलावण्याचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्रांत २०१४ पासून चालू आहे. पण तो फिरविल्यावर ‘आमच्या शेतांत या’ असें सांगून भागत नाहीं. कोणत्या फाट्यावर, कोणत्या देवळापाशीं माणूस उभा राहील हें नेमकें सांगणें हाही शिक्षणाचाच भाग आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं हा प्रश्न खेड्याचा म्हणून सोडून देणें योग्य नाहीं. त्यांतल्या पुष्कळांची गांवीं जमीन असते, ती वांट्यानें किंवा मजुरांकडून कसली जाते, आणि हंगाम संपल्यावर तिचें धान्य वा पैसा शहरांतल्या घरीं येतो. ज्या जमिनीचें उत्पन्न घ्यावयाचें, तिच्यावर घाम गाळणाऱ्या माणसाच्या जिवाची चौकशी करणें हें कर्तव्यच होय. पंपाबरोबर हातमोजे, साबण व पाण्याचा पिंप, यंत्रावर झांकण, गोठ्यांत पट्ट्या व स्वच्छ कापड यांची एक पेटी, आणि वर्षांतून एक दिवस मजुरी न कापतां शिक्षण, एवढा खर्च कोणत्याही मालकाला जड नाहीं. गणपतीला, उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलें गांवीं जातात. त्यांनाही हे धडे ठाऊक असले तर रात्रीं मण्यार चावलेल्या आजोबांना ओवा न देतां रुग्णालयांत नेण्याचा हट्ट धरणारें एक तरी माणूस घरांत असेल. गांवाहून घाबऱ्या घाबऱ्या दूरध्वनि येतो तेव्हां ‘दोरी बांधूं नका, चालवूं नका, लगेच घेऊन निघा,’ एवढे तीन शब्दसमूह उच्चारणारा मनुष्य शंभर कोसांवरूनही प्रथमोपचारच करीत असतो.

डॉक्टराची जागा प्रथमोपचार घेऊं शकत नाहीं, आणि घेण्याचा त्याचा दावाही नाहीं. सरकारनें औषध, डॉक्टर व रस्ता पुरवावा हें त्याचें काम आहेच. परंतु अपघाताची जागा आणि रुग्णालयाचें दार यांमधलें अंतर कोणत्याही सरकारला पूर्णपणें मिटवितां येणार नाहीं. तें अंतर ज्याच्या बरोबर कापावयाचें, तो सोबती शहाणा असावा, एवढेंच या शिक्षणाचें मागणें आहे.